कॉलिक: तान्हे बाळ रोज ठरल्या वेळी का रडते आणि तेव्हा काय करावे?

दूध पिऊन झाले आहे, लंगोट कोरडा आहे, अंगात ताप नाही, तरीही बाळ तास-दोन तास टाहो फोडून रडते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा तेच. घरात कोणी म्हणते पोट फुगले, कोणी म्हणते दृष्ट लागली, तर कोणी बाळंतिणीने सकाळी काय खाल्ले याची चौकशी सुरू करते.

साधारण पाचपैकी एका बाळाच्या घरी पहिल्या तीन महिन्यांत हे चित्र दिसते. डॉक्टर याला ‘कॉलिक’ म्हणतात. मराठीत ‘पोटशूळ’ हा शब्द वापरला जातो. कॉलिक त्रासदायक असले तरी ते आपोआप थांबते आणि बाळाच्या वाढीवर त्याचा परिणाम होत नाही. खरा धोका दोन ठिकाणी असतो: गंभीर आजाराला कॉलिक समजून घरी बसणे आणि साध्या कॉलिकवर घातक उपाय करणे.

कॉलिक म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये यासाठी ‘तीनचा नियम’ मांडला. इतर बाबतीत निरोगी असलेले बाळ दिवसात ३ तासांपेक्षा जास्त, आठवड्यात ३ दिवसांपेक्षा जास्त आणि ३ आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर ते कॉलिक. हा नियम आजही सांगितला जातो, पण व्यवहारात तो अडचणीचा आहे. रडणाऱ्या बाळाचे आई-वडील घड्याळ लावून तीन आठवडे थांबू शकत नाहीत.

म्हणून २०१६ मध्ये आलेल्या ‘रोम ४’ या निकषांत तासांची अट बाजूला ठेवली गेली. त्यानुसार पुढील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत:

- रडणे बाळ ५ महिन्यांचे होण्याआधी सुरू होते आणि त्याआधीच थांबते.
- उघड कारण नसताना बाळ पुन्हापुन्हा, बराच वेळ रडते किंवा किरकिर करते. घरच्यांना ते टाळता किंवा थांबवता येत नाही.
- ताप, आजारपण किंवा वजन न वाढणे असे काहीही नसते.

यातला तिसरा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. कॉलिक दाखवणारी रक्ताची चाचणी किंवा सोनोग्राफी नाही. बाळाला तपासून, इतर कारणे नाहीत याची खात्री झाल्यावरच कॉलिक म्हणता येते.

कधी सुरू होते, कधी थांबते?

कॉलिक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि तीन ते चार महिन्यांपर्यंत ओसरते. नऊ महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे आठवडे जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजावेत.

हा चढउतार फक्त कॉलिकच्या बाळांचा नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ही बाळे दुसऱ्या आठवड्यात दिवसाला सुमारे पावणेदोन तास, तर सहाव्या आठवड्यात सुमारे पावणेतीन तास रडत होती. त्यानंतर रडणे कमी होत गेले. म्हणजे या वयात प्रत्येक बाळाचे रडणे वाढते. कॉलिकच्या बाळात ते जास्त वाढते, एवढाच फरक.

आपल्याकडे याच सुमारास दोन गोष्टी घडतात. सव्वा महिना झाला की बाळाला पहिल्यांदा देवळात किंवा नातेवाइकांकडे नेले जाते. आणि दीड महिन्याची लस याच वेळी असते. साहजिकच वाढलेल्या रडण्याचा दोष ‘बाहेर काढल्याला’, दृष्टीला किंवा लसीला जातो. लस दिलेल्या जागी दुखते, थोडा ताप येतो आणि बाळ एक-दोन दिवस किरकिरते, हे खरे आहे. पण आठवडेच्या आठवडे चालणारे संध्याकाळचे रडणे लसीमुळे होत नाही. कॉलिक आहे म्हणून दीड किंवा अडीच महिन्यांची लस पुढे ढकलू नये.

पोटात गॅस झाल्यामुळे बाळ रडते का?

‘कॉलिक’ हा शब्द मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून आला आहे. ‘पोटशूळ’ या शब्दातही पोट आहेच. त्यामुळे दुखणे पोटातच आहे असे सगळे गृहीत धरतात. बाळ पाय पोटाशी घेते, मुठी आवळते, तोंड लालबुंद होते, पोट टणक लागते आणि वारा सरतो. हे पाहून गॅसची खात्रीच पटते.

पण कोणत्याही कारणाने जोरात रडणारे तान्हे बाळ असेच दिसते. रडताना पोटाचे स्नायू आवळतात, म्हणून पोट कडक लागते. रडताना बाळ हवाही गिळते आणि तीच पुढे वारा म्हणून बाहेर पडते. गॅस हा बऱ्याचदा रडण्याचा परिणाम असतो, कारण नव्हे.

कॉलिकचे एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. बाळाची अजून पक्व न झालेली मज्जासंस्था, दिवसभराच्या आवाज-उजेडाचा आणि हाताळणीचा शीण, आतड्यांतील जिवाणूंमधील फरक आणि थोड्या बाळांत गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी, अशी कारणे सांगितली जातात. अंगावर पिणाऱ्या आणि वरचे दूध पिणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या बाळांना कॉलिक होते. मुलगा-मुलगी असा फरक नसतो. आईचे काही चुकले म्हणून कॉलिक होत नाही.

रडू लागल्यावर आधी काय पाहावे?

प्रत्येक वेळी ‘कॉलिकच असेल’ असे धरून चालू नये. बाळाचे सगळे कपडे काढून उजेडात डोक्यापासून पायापर्यंत पाहावे.

- भूक लागली आहे का? पहिल्या काही महिन्यांत बाळ संध्याकाळी थोड्या थोड्या वेळाने पिते, हे नेहमीचे आहे.
- शी-शू झाली आहे का? लंगोटाखाली पुरळ उठले आहे का?
- फार गुंडाळल्यामुळे उकडते आहे का? टोपडे, दुपटे, मोजे आणि वर शाल, असे मुंबईच्या दमट हवेत बाळाला सोसत नाही.
- हाताच्या किंवा पायाच्या बोटाला केस किंवा दोरा गुंडाळला गेला आहे का? बाळंतपणानंतर आईचे केस गळतात. असा केस मोज्यात अडकून बोटाला करकचून आवळला तर बोट सुजते.
- जांघेत किंवा मुलग्याच्या अंडकोशात गाठ, सूज दिसते का?
- नाक चोंदले आहे का? डोळा लाल आहे का? तोंडात पांढरे चट्टे आहेत का?

ही लक्षणे दिसली तर थांबू नये

पुढीलपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय न करता बाळाला लगेच दवाखान्यात न्यावे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

- काखेतील तापमान ३७.५ अंश सेल्सिअस (९९.५ अंश फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त असणे, किंवा अंग थंडगार पडणे
- दूध पिणे बंद होणे किंवा एकदम कमी होणे
- बाळ मलूल होणे, उठवूनही नीट न उठणे, अंग सैल पडणे
- हिरवी उलटी, रक्ताची उलटी किंवा दर वेळी जोराने लांब फेकली जाणारी उलटी
- शीत रक्त किंवा लालसर, जेलीसारखा चिकट पदार्थ
- रडणे थांबल्यावरही पोट फुगलेले आणि ताठ असणे
- मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे
- बाळ शांत असतानाही टाळू फुगलेली असणे, झटके येणे
- शू खूप कमी होणे. पहिल्या आठवड्यानंतर दिवसात किमान सहा वेळा शू व्हायला हवी
- जांघेतील गाठ कडक होणे, दुखणे
- बाळ पडले असणे किंवा मार लागला असण्याची शंका

यांशिवाय, रडण्याचा आवाज एकदम बदलून तो किरटा किंवा क्षीण झाला, किंवा आजवर शांत असलेले चार-पाच महिन्यांचे बाळ अचानक कळा आल्यासारखे थांबून थांबून किंचाळू लागले, तर ते कॉलिक नाही. पहिल्यांदाच असे वाढलेले रडणे दिसत असेल तर बाकी काही लक्षण नसले तरी एकदा बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

वजन हा घरच्यांसाठी सर्वांत सोपा पुरावा आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढते. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात आणि वजन करतात. वजन ठीक वाढत असेल, तर रोज संध्याकाळी रडणारे बाळ आतून निरोगी असण्याची शक्यता बरीच जास्त असते.

बाळाला शांत कसे करावे?

प्रत्येक बाळाला चालेल असा एकच उपाय नाही. पुढचे उपाय सुरक्षित आहेत. एक उपाय पाच-दहा मिनिटे करून पाहावा, मग दुसरा. दर मिनिटाला पद्धत बदलली तर बाळ आणखी बिथरते.

उचलून घेणे. ‘हाताची सवय लागेल’ म्हणून रडणाऱ्या बाळाला खाली ठेवण्याची गरज नाही. १९८६ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे झालेल्या अभ्यासात, रोज जास्त वेळ उचलून घेतलेली निरोगी बाळे सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. ज्यांना आधीच कॉलिक आहे त्यांच्यात एवढा फरक पडत नाही, पण लाड होऊन बाळ बिघडते या समजुतीला आधार नाही.

चालणे आणि मग बसणे. जपानमधील रायकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये साधी पद्धत सुचवली. रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून ५ मिनिटे न थांबता चालावे. बाळाला झोप लागली की लगेच खाली न ठेवता ५ ते ८ मिनिटे घेऊन बसावे आणि मग अलगद झोपवावे.

हातावर पालथे घेणे. बाळाचे पोट मोठ्यांच्या हातावर, डोके कोपराजवळ आणि पाय दोन्ही बाजूंना सोडलेले, अशा स्थितीत पाठ थोपटावी. बाळ जागे आणि हातात असतानाच हे करावे. झोपवताना मात्र नेहमी उताणेच, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे. झोळीत झोप लागली तरी नंतर तिथून काढून सपाट जागी ठेवावे.

आवाज आणि उजेड कमी करणे. संध्याकाळी टीव्ही बंद, दिवा मंद, पाहुणे बाहेरच्या खोलीत. पंख्याची घरघर किंवा कानाशी हळू ‘शू शू’ अशा एकसुरी आवाजाने काही बाळे शांत होतात. मोबाइलवर असा आवाज लावला तर तो हळू ठेवावा आणि मोबाइल बाळापासून दूर ठेवावा.

कोमट पाण्याने आंघोळ, हलकी मालीश. नाभीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने पोट चोळावे, पाय सायकलसारखे हलवावेत. जोरजोरात रगडणे, नाकाकानात तेल सोडणे नको.

दुपट्यात गुंडाळणे. हात आत राहतील असे गुंडाळले तरी कंबर आणि पाय मोकळे हलले पाहिजेत. बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद करावे.

पाजताना काय पाहावे?

बाळाने फक्त स्तनाग्र न धरता भोवतालचा काळा भागही तोंडात घेतला तर हवा कमी गिळली जाते. एका बाजूचे दूध पूर्ण पिऊ द्यावे, मग दुसरी बाजू द्यावी. टाहो फोडेपर्यंत न थांबता भुकेची पहिली चिन्हे दिसताच पाजावे.

पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायला हरकत नाही, मात्र त्याने कॉलिक टळते असे नाही. चंदीगड येथील ७१ आई-बाळांच्या जोड्यांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ढेकर काढल्याने कॉलिक कमी झाले नाही. ढेकर निघाली नाही म्हणून अर्धा तास पाठ थोपटत बसायची गरज नाही.

कॉलिकसाठी अंगावरचे दूध बंद करून वरचे दूध सुरू करू नये. आईचे दूध सोडल्याने कॉलिक जात नाही, उलट जुलाब आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

बाळंतिणीने वातूळ खाल्ले म्हणून?

हरभरा, वाटाणा, कोबी खाल्ल्याने आईला गॅस होऊ शकतो. पण तो गॅस तिच्या आतड्यात तयार होतो, दुधात उतरत नाही. म्हणून बाळंतिणीला आठवडेच्या आठवडे फक्त मऊ भात आणि तुपावर ठेवण्यात अर्थ नाही. त्याने तिचाच अशक्तपणा वाढतो.

गाईच्या दुधातील प्रथिने मात्र आईच्या दुधातून थोड्या प्रमाणात बाळापर्यंत पोहोचतात. रडण्याबरोबर शीत रक्त, अंगावर खाजरे चट्टे, वारंवार उलट्या किंवा घरात ॲलर्जीचा इतिहास असेल, तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ सोडून पाहायला सांगू शकतात. हे स्वतःच्या मनाने करू नये.

औषधांचा उपयोग होतो का?

ग्राइप वॉटर: १८५१ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी ते बाजारात आणले. मूळ मिश्रणात शेपूचे तेल, सोडा आणि साखरेबरोबर अल्कोहोलही होते. ते घेऊन बाळ शांत झाले तर नवल नव्हते. आता अल्कोहोल नसलेली ग्राइप वॉटर मिळतात, पण कॉलिकवर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

सिमेथिकोनचे थेंब: गॅसचे बुडबुडे फोडणारे हे औषध सहसा निरुपद्रवी आहे. मात्र चाचण्यांत ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलेले नाही.

डायसायक्लोमिन: पोटदुखीवरचे हे औषध सहा महिन्यांखालील बाळाला देऊ नये. त्याने श्वास अडकणे, झटके येणे, बेशुद्धी असे प्रकार घडले आहेत. मोठ्या भावंडासाठी आणलेली पोटदुखीची बाटली तान्ह्याला कधीही देऊ नये. दुकानातून आणलेल्या थेंबांवरील घटक वाचावेत.

प्रोबायोटिक: ‘लॅक्टोबॅसिलस र्‍युटेरी’ या जिवाणूच्या एका विशिष्ट प्रकाराचा अंगावर पिणाऱ्या काही बाळांत रडणे कमी करण्यास उपयोग दिसला आहे. तेही डॉक्टरांनी सांगितले तरच द्यावे.

घुटी, हिंग, दृष्ट आणि डंबा

दृष्ट काढल्याने बाळाचे काही बिघडत नाही, फक्त जळत्या मिरच्या आणि धुरीचा धूर बाळाच्या खोलीत नको. नाळ पडून नाभी वाळली असेल तर पोटावर हिंगाचा पातळ लेप लावण्यावरून वाद घालायचे कारण नाही. कातडी लाल झाली तर तो धुऊन टाकावा.

पोटात द्यायच्या गोष्टींचे तसे नाही. सहाणेवर उगाळलेली घुटी, वेखंड, जायफळ, ओव्याचे पाणी, मध यांतले काहीही सहा महिन्यांपर्यंत देऊ नये. या वयात आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही. उगाळलेल्या मात्रेचे माप नसते आणि सहाण-पाण्यातून जंतू जातात. मधातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून तो वर्षभर वर्ज्य आहे.

बाळ गप्प झाले म्हणजे बरे झाले असे नसते, हे मुंबईने पूर्वी पाहिले आहे. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची ‘बाळागोळी’ देत असल्याच्या नोंदी १९२० च्या दशकातल्या आहेत. बाळ दिवसभर झोपून राही, ते गुंगीमुळे.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे चटके. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याच्या ‘डंबा’ प्रथेच्या बातम्या आजही येतात. भाजलेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन तान्हे बाळ दगावू शकते. शिवाय पोट खरोखर फुगले असेल, तर रुग्णालयात जायचा वेळ त्यातच जातो.

बाळाला कधीही जोराने हलवू नये

सतत रडणे ऐकून थकलेल्या माणसाचा तोल जाऊ शकतो. रागाच्या भरात बाळाला धरून गदागदा हलवले, तर काही सेकंदांत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तान्ह्याचे डोके जड आणि मान कमकुवत असते. यातून अंधत्व, अपंगत्व किंवा मृत्यू ओढवतो. पाळण्याच्या साध्या हेलकाव्यांनी किंवा थोपटण्याने असे होत नाही.

संताप अनावर होतो आहे असे वाटताच बाळाला पाळण्यात किंवा सपाट, सुरक्षित जागी उताणे ठेवावे आणि खोलीबाहेर जावे. पाणी प्यावे, कोणाला तरी फोन करावा, पाच-दहा मिनिटांनी परत येऊन पाहावे. पोट भरलेले, तपासलेले बाळ दहा मिनिटे एकटे रडले तर त्याला इजा होत नाही. बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे बाबा, आजी-आजोबा, मावशी आणि कामाच्या ताईंनाही, हे सांगून ठेवावे.

संध्याकाळची पाळी घरातल्यांनी वाटून घेतली पाहिजे. बाळंतिणीला दिवसातून एकदा तरी सलग काही तास झोप मिळाली पाहिजे. दोन आठवडे सतत उदास वाटणे, बाळाबद्दल काहीच न वाटणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणे ही प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि तोवर आईला एकटे ठेवू नये.

डॉक्टरांकडे जाताना

तीन-चार दिवसांची साधी नोंद वहीत ठेवावी: रडणे किती वाजता सुरू झाले, किती वेळ चालले, त्याआधी दूध कधी प्यायले, शी-शू किती वेळा झाली, उलटी झाली का, कोणते औषध किंवा घुटी दिली. घुटी दिली असेल तर लपवू नये. रडण्याचा एक छोटा व्हिडिओही डॉक्टरांना उपयोगी पडतो.

ही वही घरच्यांनाही धीर देते. सहाव्या-सातव्या आठवड्यानंतर रडण्याचे तास कमी होताना त्यात दिसू लागतात. तसे झाले नाही आणि बाळ चार महिन्यांचे झाल्यावरही तितकेच रडत असेल, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी.